फुलपाखरं हवीत तर झाड वाळेपर्यंत उभं ठेवा

साताऱ्याहून एका ताईंनी विचारलंय: गोडोलीच्या बाजूला घर आहे, मागे तीस बाय पंधरा फुटांची मोकळी जागा, जमीन मुरमाड. मागच्या हिवाळ्यात नर्सरीतून झेंडू, शेवंती, डेलिया आणून लावले. फुलं भरगच्च आली, पण फुलपाखरं आणि मधमाश्या फारशा फिरकल्या नाहीत. आता कमरेच्या वर जाणारी फुलझाडं लावायची आहेत, म्हणजे फुलपाखरं, मध पिणारे शिंजीर पक्षी, मधमाश्या येतील. फॉक्सग्लव्ह आणि ल्युपिनच्या बियांची पाकिटं आणून ठेवली आहेत, ती चालतील का? सासूबाईंना मात्र धास्ती आहे की उंच झाडोरा माजला की साप येणार आणि अळ्या घरात शिरणार.

ताई, पाकिटांचं आधी सांगतो. ती बाजूला ठेवा. ही थंड मुलखातली झाडं आहेत. फॉक्सग्लव्ह साधारणपणे पहिल्या वर्षी नुसती पानं धरतं आणि थंडी खाऊन दुसऱ्या वर्षी फुलतं. साताऱ्याचा हिवाळा त्याला पुरत नाही आणि एप्रिलचं ऊन सोसत नाही. झाड सगळं विषारी आहे, ते वेगळंच. शिवाय त्याच्या लांब घंटेत शिरून परागीकरण करते ती मुख्यतः गुबगुबीत, केसाळ बंबलबी. भारतात ती हिमालयाच्या बाजूला सापडते, आपल्या सह्याद्रीत नाही. परदेशी झाड समजा जगवलंच, तरी त्याच्यावर येणारे कीटक कुठून आणणार? उंच विदेशी फुलांची हौसच असेल तर हॉलीहॉक लावा. ऑक्टोबरमध्ये पेरलं की फेब्रुवारी-मार्चमध्ये छान फुलतं. पानांवर तांबेरा येतो, तेवढा सहन करायचा.

आता तुमच्या झेंडूचं. झेंडूचं एक फूल म्हणजे खरं तर बारीक बारीक फुलांचा गुच्छ असतो. मध आणि पराग मिळतो तो मधल्या नळीसारख्या फुलांत. कलकत्ता झेंडूसारख्या गच्च गोंड्यात माणसानं निवड करत करत त्या नळ्यांच्या जागी पाकळ्याच आणल्या. मधमाशी येते, वरून चालते, तिला आत जायला वाट सापडत नाही. शेवंती, डेलिया, झिनिया यांच्या गोंडेवाल्या जातींचं हेच. सूर्यफुलात तर फुलदाणीसाठी मुद्दाम परागच नसलेल्या जाती काढल्या आहेत. तेव्हा बी घेताना एकेरी पाकळीचं, मधे उघडी चकती दिसणारं फूल बघून घ्या. गावठी झेंडू त्यातलाच. दुसरी शंका रोपांवरच्या औषधाची. काही ठिकाणी रोपं विक्रीला ठेवण्याआधी मुळातून भिनणारं कीटकनाशक दिलेलं असतं. असल्या रोपाचं पान खाणारी अळी मरते, आणि मध-परागातही त्याचा अंश उतरू शकतो. मी मिरजेजवळ रोपवाटिका चालवतो, म्हणून धंद्यातला माणूस म्हणूनच सांगतो: विकत घेताना विचारा, आणि उत्तर गुळमुळीत आलं तर बी आणून स्वतः पेरा. तुम्हाला हवी असलेली बहुतेक झाडं बियांपासून सहज होतात.

पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट वेगळी आहे आणि ती मला तुम्हाला मनापासून सांगायची आहे. फुलपाखरू फुलावर मध प्यायला येतं, पण वस्ती करतं ते अळीला पान मिळेल तिथेच. शिंजीर मध पितो, पिल्लांना मात्र कोळी आणि किडे भरवतो. शिंपी आणि वटवट्या हे पक्षी मुख्यतः किड्यांवर जगतात, त्यांना पानामागची अळी हवी. मुनियाला बी हवं. फूल ओसरलं की झाड उपटायचं, ही आपली बागेची शिस्त या सगळ्यांचं खाणं आणि घर एकदमच काढून घेते. म्हणून माझा आग्रह असा: पावसाबरोबर वाढणारी, फुलून, बी धरून वाळणारी उंच, रानवट झाडं लावा आणि त्यांचं सगळं आयुष्य त्यांना उभ्यानं काढू द्या.

यात माझं पहिलं नाव दीपमाळ. नाव ऐकून देवळापुढची आठवते ना, तशीच दिसते. चौकोनी दांडा, पाच-सहा फूट उंची, दांड्यावर थोड्या थोड्या अंतरावर काटेरी गोळे एकावर एक, आणि प्रत्येक गोळ्यातून नारिंगी, मखमली नळ्या बाहेर आलेल्या. पडीक जागेत, पुलाच्या कडेला, उकिरड्यावर ही झाडं तुम्ही शंभरदा पाहिली असतील. मूळची आफ्रिकेतली, पण आपल्याकडे फार जुनी रुळलेली. फुलाची नळी वाकडी आणि लांब, शिंजिराच्या चोचीला सोयीची. पाऊस सरल्यापासून थंडीपर्यंत गोळे खालून वर टप्प्याटप्प्यानं फुलत जातात, त्यामुळे एका दांड्यावर किती तरी आठवडे मध राहतो. सकाळी उन्हं तापायच्या आधी मागच्या दारात उभं राहिलात तर जांभळ्या पाठीचा शिंजीर गोळ्यावरच पाय रोवून एकेक नळी तपासताना दिसेल. तो हवेत तरंगत राहून पिण्यापेक्षा बसून पिणं पसंत करतो, आणि या झाडाचे गोळे म्हणजे बसायला आयती जागा.

पेरायला जूनचा पहिला चांगला पाऊस. बी बोटाच्या पेरापेक्षा वर, अगदी उथळ. दीड-दीड फुटावर पाच-सात झाडं एकत्र ठेवा, बाकीची उपटा. हे उपटणं महत्त्वाचं, कारण दीपमाळ बी भरपूर सांडते आणि पुढच्या पावसात गालिचाच उगवतो. पंधरा फुटांच्या जागेत एक पुंजका पुरे. गोळ्यांचे काटे बोचतात, म्हणून पायवाटेपासून हातभर आत लावा. तुमची जागा डोंगराला किंवा पडीक रानाला लागून असती तर मी बी पडण्याआधी बरेचसे गोळे कापायला सांगितलं असतं. वस्तीत तेवढी काळजी नको.

दुसरा ताग. शेतकऱ्याला हे नाव सांगितलं की तो म्हणतो, हे तर हिरवळीचं खत. खरंच आहे, आपण तो फुलायच्या सुमारास गाडून टाकतो, म्हणून त्याचं फूल फार कमी लोकांनी नीट पाहिलंय. एक कोपरा गाडू नका. दोन महिन्यांच्या पुढे गेला की माणसाच्या उंचीचा होतो आणि पिवळ्याजर्द फुलांचे तुरे येतात. हे फूल हलक्या माशीला सहज दाद देत नाही. खालची पाकळी दाबली गेली की मगच आतला पराग वर येतो, आणि ते वजन असतं काळ्या, घुं घुं करणाऱ्या भुंग्याकडे. तागाच्या ओळीपाशी दुपारी उभं राहिलं की भुंगे का येतात हे सांगावं लागत नाही.

तागाची खरी मजा फुलं गेल्यावर आहे. ताग आणि त्याचा भाऊबंद खुळखुळा, यांच्या वाळक्या, मोडक्या फांद्यांवर ब्लू टायगर, स्ट्राइप्ड टायगर, कॉमन क्रो अशा फुलपाखरांचे नर येऊन चिकटून बसतात. या झाडांत अल्कलॉइड नावाची कडू द्रव्यं असतात. नर ती सोंडेनं शोषून घेतात, त्यांपासून मादीला भुलवणारा गंध तयार करतात, आणि अंगात साठलेल्या कडूपणामुळे भक्षकही त्यांना टाळतात. नीटनेटकी बाग हवी म्हणून ज्या दिवशी आपण वाळका ताग काढून टाकतो, नेमका त्यानंतरच्या दिवसांत हा मेळा भरायचा असतो. मी गिऱ्हाइकांना दोन-चार फांद्या मुद्दाम मोडून लटकत ठेवायला सांगतो. याच द्रव्यांमुळे बी खाण्याजोगं नाही, घरात लहान मूल असेल तर शेंगांचा खुळखुळा खेळायला देऊ नका.

कारळे तुम्ही चटणीला आणता, तेच पेरा. मात्र न भाजलेले घ्या. जूनच्या अखेरीस किंवा जुलैत पेरले की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कमरे-छातीएवढी झाडं पिवळ्या फुलांनी भरतात. कारळ्याचं वैशिष्ट्य असं की त्याच्या फुलाला स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या झाडाचा लागतो आणि तो आणायला माशी लागते. त्यामुळे फूल मध-पराग हात राखून देत नाही. साताऱ्याला सातेरी मधमाशीचा तुटवडा नाही. तुमच्याच जिल्ह्यातलं महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. कारळे मूठभर कापून न नेता उभे राहू द्या, नोव्हेंबरात मुनियांचा थवा उतरेल.

रानतुळस हे चौथं, आणि एकच झाड लावायची जागा असती तर मी हेच सांगितलं असतं. वृंदावनातल्या तुळशीपेक्षा मोठी, चार-पाच फुटांचं झुडूप होते, पाणी दिलं तर उन्हाळ्यातही मंजिऱ्या येत राहतात. मार्च ते मे बाकी सगळं वाळलेलं असताना सातेरी, फुलोरी आणि असंख्य बारीक माश्यांना हिचाच आधार होतो. घरच्या तुळशीच्या मंजिऱ्या आपण खुडतो, त्याऐवजी एका झाडाच्या तशाच ठेवून बघा. तुळशीवर निळे पट्टे असलेली एक चपळ माशी दिसेल, एका फुलावर क्षणभरही न थांबणारी. ती पोळं करत नाही, मादी मातीत एकटीच बीळ करते. वांगी-टोमॅटोच्या फुलांना पंखांच्या स्नायूंनी थरथरवून पराग पाडण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. संध्याकाळी तिचे नर एखाद्या बारीक काडीला जबड्यांनी पकडून, ओळीनं लटकून झोपतात. त्यांना ती काडी लागते आणि मादीला उघडी, न खणलेली, आच्छादन नसलेली हातभर जमीन. तेवढी मोकळी ठेवाच.

हिवाळ्यासाठी दसऱ्यानंतर बडीशेप, शेपू, धने आणि थोडी मोहरी. बडीशेप छातीच्या वर जाते, शेपू तीनेक फुटांवर थांबतो. यांची छत्रीसारखी फुलं उथळ असतात, मध अगदी वर असतो, म्हणून तोकड्या तोंडाच्या छोट्या माश्या, ढालकिडे, इवल्या गांधीलमाश्या यांची गर्दी होते. यातले कितीतरी किंवा त्यांच्या अळ्या मावा फस्त करतात. परदेशी पुस्तकांत बडीशेपेवर स्वॅलोटेल फुलपाखराची अळी वाढते असं वाचलं असेल. ते फुलपाखरू आपल्या देशात हिमालयात आहे. इथे बडीशेपेवर त्याची वाट बघू नका. आपल्याकडच्या बऱ्याच स्वॅलोटेलना लिंबाचा गोतावळा लागतो: लिंबू, कढीपत्ता, बेल. २०१५ साली महाराष्ट्रानं राज्य फुलपाखरू ठरवलेलं ब्लू मॉर्मन त्याच घराण्यातलं. परसात एक कढीपत्ता असेल तर अर्धं काम झालेलंच आहे.

अळ्यांची गोष्ट निघालीच आहे तर ती पूर्ण करतो, कारण सासूबाईंची भीती मला हसण्यावारी न्यायची नाही. फुलपाखराची अळी खाण्यात फार चोखंदळ असते. हळदकुंकू नावाचं लाल-पिवळ्या फुलांचं तीन फुटी झाड आणतात ना, त्यावर प्लेन टायगरची पट्टेरी अळी वाढते. ती तुमच्या मेथीकडे वळणार नाही. पानफुटीच्या जाड पानात रेड पिएरोची अळी पान पोखरून आतच राहते. ती पानफुटी हिवाळ्यात छातीएवढा दांडा काढते आणि त्यावर कागदी कंदिलांसारखी फुलं लोंबतात, शिंजिराच्या खास आवडीची. आमच्या सांगलीकडे हळदीचं पान गुंडाळणारी अळी शेतकऱ्याला चांगलीच माहीत आहे. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली आमची हळद तिचंही आवडतं खाद्य. मोठी होऊन ती ग्रास डीमन नावाचं पांढऱ्या ठिपक्यांचं काळसर फुलपाखरू होते. परसात तुम्ही तिच्यासाठी सोनटक्का लावा. पावसाळ्यात फुलतो, कमरेच्या वर जातो, आणि तिन्हीसांजेला त्याच्या वासावर मोठे पतंग येतात.

जिच्यापासून सांभाळायचं ती केसाळ अळी, म्हणजे घुला. ती बहुतेक पतंगांची असते, अंगाला लागली की खाज उठते. शेवग्यावर तिचे घोसच असतात. सासूबाईंना एवढंच सांगा: केसाळ दिसली की काडीनं उचलून लांब टाकायची, गुळगुळीत दिसली की राहू द्यायची. हळदकुंकवाचा चीक मात्र डोळ्यांना वाईट, छाटल्यावर हात धुवा. आणि त्यावर पिवळाधमक मावा हमखास येतो. फवारू नका. आठ-पंधरा दिवसांत ढालकिडे पोचतात. अगदी निंबोळी अर्कसुद्धा नको, अळीला तोही बाधतो. बागेत एक वाफा फवारायचा आणि शेजारच्यात फुलपाखरं पाळायची, हे जमत नाही.

लावायची कशी, ते. साताऱ्याला पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो आणि चांगला झोडपतो. पश्चिमेच्या कडेला अडुळशाची ओळ लावा. वाराही अडेल, आणि थंडी-उन्हाळ्यात त्याच्या पांढऱ्या फुलांवर भुंगे येतील. उंच झाडं उत्तरेच्या भिंतीलगत, म्हणजे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो तेव्हा बुटक्यांवर सावली पडत नाही. एकाच जातीची पाच-सात झाडं एकत्र लावा. एक इथे, एक तिथे अशी विखुरलेली फुलं मधमाशीला परवडत नाहीत.

तुमची जमीन मुरमाड आहे म्हणून खिन्न होऊ नका, या झाडांना ती उलट मानवते. उंच झाडं लोळतात ती बहुतेक वेळा जादा खाण्यानं. युरिया किंवा कोंबडखत दिलं की दांडा भराभर वाढतो, आतून भुसभुशीत राहतो आणि ऑगस्टच्या एका सरीत आडवा होतो. लावताना दोन पाट्या जुनं शेणखत, नंतर काही नाही. दीपमाळ आणि रानतुळस गुडघ्याएवढी झाली की एकदा शेंडा खुडा. उंची थोडी घटते, फांद्या फुटतात, झाड आपल्या पायावर उभं राहतं. ताग आणि कारळे दाट पेरले की एकमेकांना धरून राहतात. सांगली-मिरजेच्या काळ्या जमिनीत हेच करायचं असेल तर गादीवाफा उंच करून पेरावं लागतं, नाहीतर पाणी साचून मुळं कुजतात.

पाण्याचं फार करायला नको. उथळ परळात दोन-तीन दगड, आणि पाणी एक दिवसाआड बदलायचं, डास होऊ नयेत म्हणून. शेजारी थोडी माती ओली ठेवली तर फुलपाखरांचे नर क्षार शोषायला तिथे बसतात.

सापाबद्दल खरं तेच सांगतो. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला घर म्हटल्यावर साप कधीच येणार नाही, असं वचन कुणी देऊ शकत नाही. पण साप फुलासाठी येत नाही, उंदीर, बेडूक आणि लपायला फट यांसाठी येतो. विटांचा ढीग, जुनी फरशी, लाकडं, भिंतीलगत साचलेला पाला हे आधी हलवा. घराच्या भिंतीपासून तीन फुटांची पट्टी मोकळी, झाडलेली ठेवा. उंच झाडांची खालची फूटभर पानं काढून टाका, म्हणजे बुंध्याशी नजर पोचते. काळोखात बागेत जाताना विजेरी आणि पायात चप्पल-बूट. मधमाशीचंही असंच. फुलावरची माशी आपल्या कामात असते, ती डिवचल्याशिवाय डंख करत नाही. आग्या माश्यांचं पोळं जवळपास लागलं असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका आणि खाली धूर करू नका.

डिसेंबर-जानेवारीत सगळं तपकिरी होईल तेव्हा शेजारी विचारतील, साफ कधी करणार. त्या दिवसांतला दांडा मोकळा नसतो. दीपमाळेच्या गोळ्यांत बिया असतात, तागाच्या शेंगांत ठिपकेदार पतंगाच्या अळ्या असतात, काडीवर प्रार्थना-किड्याचं फेसासारखं घट्ट अंड्यांचं पुडकं चिकटलेलं असतं. मोडलेल्या दांड्याच्या मऊ गाभ्यात बारीक सुतारमाश्या घर करतात. त्यामुळे फेब्रुवारी संपेपर्यंत हात लावू नका. मग कापतानाही मुळापासून नको, दीड फुटाचे खुंट ठेवा. कापलेले दांडे जाळू नका. मोळी बांधून घरापासून लांबच्या कुंपणाला, जमिनीपासून वर टांगा, आत जे असेल ते आपल्या वेळेनं बाहेर पडेल. पुढच्या जूनमध्ये मोळी खतात टाका. डोळ्यांना फारच खुपत असेल तर पुढे एक एकेरी झेंडूची किंवा तेरड्याची बुटकी ओळ धरा. रस्त्यावरून बाग राखलेली दिसते आणि मागे वाळवण तसंच राहतं.

दोन गोष्टी मात्र कृपा करून करू नका. कासला फिरायला गेल्यावर तिथलं रोप, कंद किंवा बी आणू नका. २०१२ पासून ते पठार पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे, आणि तो दर्जा नसता तरी सांगितलं असतं. कातळावरच्या वीतभर मातीत, त्या धुक्यात वाढणारं झाड गोडोलीच्या परसात तग धरत नाही, आणि तिथलं एक मात्र कमी होतं. दुसरं, पिवळा-नारिंगी कॉसमॉस. फुलपाखरं येतात त्यावर, खरं आहे, पण तो कुंपण ओलांडून डोंगरउतारावर पसरतो आणि तिथल्या गवताफुलांना दाबतो. यवतेश्वरच्या घाटाखाली राहणाऱ्यानं तो लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. घाणेरीबद्दलही तेच.

तागाचं बी कृषी सेवा केंद्रात मिळेल, किलोनं देतात, तुम्हाला दोन मुठी पुरतील, उरलेलं एखाद्या शेतकऱ्याला द्या. बडीशेप-धने वाण्याकडचे उगवतात, धने मात्र हलके रगडून दोन फोडी करून पेरा. रानतुळशीची फांदी पावसाळ्यात खोचली तरी फुटते. दीपमाळेचं बी कुणी विकत नाही. येत्या डिसेंबरात रस्त्याकडेचा एक वाळका गोळा कागदाच्या पिशवीत उलटा झटका, काळ्या बिया पडतील. हातमोजे घालून जा.